भाकरीच्या उंचीचा ओटा

वहिनी, तेवढे कपडे वाळत घालून झाले की या जरा भिंतीपाशी. दुपारचा तो घर्रघर्र आवाज कसला, म्हणून तुम्ही धाकट्याला विचारायला धाडलं होतंत ना? मी त्याला नुसतंच "काम चाललंय" म्हणून परत पाठवलं. तर आता ऐका. बोअर मारत नव्हतो, भिंतही पाडत नव्हतो. ओटा घासत होतो, स्वयंपाकघरातला. कोण म्हणजे? मी आणि हे. दुसरं कोण येणार!

आधी गवंड्यालाच बोलावलं होतं हो. तो आला, ओट्यावर बोटांनी टकटक केलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे सगळं काढून टाकू. ग्रॅनाइट बसवू. कडप्पा आता कोण ठेवतंय?" काढून टाकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या जावेकडे दिवाळीच्या तोंडावर तेच झालं. ओटा फोडला की मागच्या टाइल्सची खालची ओळ गेलीच म्हणून समजा. सिंक निघतं, नळ सुटतो, ट्रॉल्या पॅसेजमध्ये येऊन बसतात आणि टीव्हीखाली शेगडी मांडून स्वयंपाक. त्यांच्या हॉलच्या पडद्यांना अजून फोडणीचा वास येतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि एवढा खटाटोप कशापायी? दगडाचा वरचा अर्धा सूत थर खराब झाला म्हणून. इंचाचे सूत आठ, त्यातलं अर्धं! खालचा सव्वा इंच दगड ठणठणीत आहे, तो का फोडायचा?

जरा हळू बोलते, आवाज कोपऱ्यावर जातो. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात पांढराशुभ्र ओटा केला ना, क्वार्ट्झचा? मला मोठ्या हौसेने बघायला बोलावलं होतं. गेले, बघितला, छान आहे. चहा घेतला. पण गॅसच्या शेजारी ओट्यावर फळांची परडी, आणि परडीत फळ एकही नाही. मी आपली सहज उचलली. सहजच हो! खाली पिवळट गोल डाग. गरम कढई टेकवली होती म्हणे. तो अख्खा दगड नसतोच मुळी. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये कालवून, दाबून केलेली लादी असते ती. दगडाला कढईचं काही वाटत नाही, पण रेझिन करपतं. शिवाय हळद. आपल्याकडे हळदीवाचून एक तरी फोडणी होते का? मग पांढऱ्या ओट्यावर दिवसभर फडकं घेऊन उभं राहायचं, नाकापेक्षा मोती जड.

आमचा भाचा मेलबर्नला असतो, तो सांगत होता, त्या लाद्या कापताना उडणाऱ्या धुळीने तिकडच्या कामगारांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली, म्हणून ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून देशभर तसल्या लाद्यांवर बंदीच घातली आहे. आपल्याकडे ती कापणारं पोरगं तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाही, आणि आपण गेटात उभं राहून "लवकर आटप" म्हणतो.

असो. सांगत होते कडप्प्याचं. तुम्ही तिरुपतीला जाता ना दरवर्षी? सोलापुरातून गाडी निघाली की कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागतं. तुमच्या अंगणातली फरशी तिथली. त्याच गाडीने पुढे ताडपत्री, मग कडप्पा, मग उतरायचं रेणिगुंट्याला. म्हणजे तुमचं अंगण आणि माझा ओटा एकाच रेल्वेलाइनवरचे! दोन्ही चुनखडीचेच दगड, आणि सगळी मेख तिथेच आहे. चुनखडीला आंबट सोसत नाही.

गॅसच्या उजव्या हाताला तो राखाडी पट्टा पडलेला होता, आठवतो? तिथेच आम्ही लिंबू पिळतो, तिथेच चिंचेचा कोळ काढतो, ताकाचं भांडंही तिथेच. मी इतकी वर्षं त्याला डाग म्हणून तारेच्या घासणीने घासायची. डाग असेल तर निघेल ना! तिथे आंबटाने दगडच खाल्लेला असतो, वरची चमक गेलेली असते. सिंकजवळ तर आणखी कहर. आम्ही बदलीवर असताना जे भाडेकरू होते, ते संडास धुवायचं ॲसिड ओट्यावर ओतायचे, "काय स्वच्छ निघतो" म्हणून. निघणारच की! फसफस करून दगड विरघळतो, त्याच्याबरोबर मळही जातो. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही, हे मात्र खरं. तेवढा मान त्याला देते. पण माझ्याकडे कडप्पा आहे, आणि कडप्प्याची एक गोष्ट ग्रॅनाइटपेक्षा बरी आहे: तो मऊ असतो, घरच्या माणसाला घासून उजळता येतो. ग्रॅनाइट घासायला बसलो असतो तर अजून बसलेलोच असतो.

पण घासणं हे नंतरचं. आधी ओटा वाढवायचा होता. ओट्याचं टोक आणि फ्रिज यांच्यात अडीच फुटांची जागा मोकळी होती. मोकळी कसली, तिथे स्टूल, स्टुलावर मिक्सर, स्टुलाखाली कांदे-बटाट्यांची टोपली आणि मागे सहा महिने हरवलेलं किसणीचं झाकण. हे म्हणाले, ओटा सरळ फ्रिजपर्यंत ओढून घेऊ. कागदावर रेघही ओढली. आई पलीकडे शेंगा निवडत बसल्या होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "वाढवणारच असाल तर तेवढा तुकडा खाली घ्या."

आम्ही दोघंही गप्प. चाळीस वर्षं ही बाई त्या ओट्यापाशी उभी आहे. ओटा तेहेतीस इंच उंच, आईंची उंची चार फूट दहा इंच. भाकरी थापताना त्या पायाखाली पाट घेतात, हे मी रोज बघते. तुम्हीही बघितलंय. पण पाट का घेतात, हे कधी कुणी विचारलं नाही. घेतात म्हणून घेतात. मग यांनी टेप आणली. आईंना भिंतीला टेकून उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं. छत्तीस इंच. आता बघा, भाजी चिरायची तर विळी-सुरीखालचा ओटा कोपरापेक्षा चारेक इंच खाली असला की पुरतं, कारण नुसती बोटं आणि मनगट चालवायचं असतं. पण कणीक मळायला, भाकरी थापायला वरून अंगाचा भार द्यावा लागतो. त्याला आणखी तीन-चार इंच खाली हवं. त्यात परात किंवा काठवट ओट्यावर ठेवली की तिचे दोन इंच वर. म्हणजे आईंना काठवटीसकट तीस-एकतीस इंचांवर काम हवं, आणि त्या करत होत्या पस्तिसावर. पाट घेतला नाही तर खांदे वर उचलूनच थापावं लागणार. संध्याकाळी त्या मानेला बाम चोळायच्या ते वयामुळे, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

मी त्यांच्यापेक्षा पाच इंच उंच, तरी मलाही कणीक मळताना चवड्यांवर जायला लागायचं. ओट्याची उंची ठरवताना घरातल्या बायकांना भिंतीशी उभं करून कुणी मोजलंय का हो कधी? प्लॅनमध्ये एक आकडा असतो, गवंडी त्याप्रमाणे विटा लावतो, आणि आपण जन्मभर पाटावर चढतो.

तर नवा तुकडा घेतला एकोणतीस इंचांवर. जुन्यापेक्षा चार इंच खाली. त्याच गवंड्याला फोन करून विचारलं, तर म्हणे, "ओट्याला पायरी? लोक काय म्हणतील?" लोक माझ्याकडे भाकऱ्या थापायला येतात का?

आणि या पायरीने आमचंच काम हलकं झालं बघा. एका पातळीत जोड द्यायचा म्हणजे जुनी लादी आणि नवी लादी सुताबरोबर जुळली पाहिजे. जरा खालीवर झालं की जोडावर पोळपाट डुगडुगतो, फटीत पीठ जातं, पिठामागे झुरळं. आम्ही नवी लादी जुन्या ओट्याच्या पुढे आलेल्या काठाखाली सारली. वरचं पाणी सांडलं तरी सरळ खालच्या लादीवर पडतं, फटीत शिरत नाही. खाली आधाराला दोन उभे कडप्पे, एक जुन्या पायाला चिकटून, एक फ्रिजच्या बाजूला, आणि मागे भिंतीत इंचभर खाच. खाच मारताना तेवढं बघावं लागतं, की स्विचबोर्डातून वायरीचा पाइप कुठून उतरलाय. मिक्सरचा प्लग आमच्याकडे नेमका तिथेच आहे, म्हणून तेवढी जागा सोडून खाच घेतली.

लादी कापून मात्र वखारीतच घेतली. त्यांच्याकडे पाण्यावर चालणारं कटर असतं, काठही गोल करून देतात. ग्रॅनाइटच्या निम्म्याहूनही कमी भाव, आणि कुणाच्या तरी ओट्यातून उरलेला तुकडा मिळाला म्हणून आणखी कमी. एक गोष्ट मी मुद्दाम करून घेतली. लादीच्या खालच्या अंगाला, काठापासून अर्धा इंच आत, लांबीभर एक बारीक खाच. ओट्यावरचं पाणी काठावरून वळून खालून आत धावतं आणि ट्रॉलीच्या डब्यांत जातं. खाच असली की तिथेच अडतं आणि टपकतं. नवे ओटे करणारे हे विसरतात, मग ट्रॉल्या गंजल्या म्हणून ट्रॉलीवाल्याशी भांडण.

लादी आणायची पण रीत आहे. अडीच बाय दोन फुटांचा, सव्वा इंच जाडीचा तुकडा, वजन चाळीस किलोच्या घरात. हे एका बाजूला आणि पेपरवाल्याचा मुलगा दुसऱ्या बाजूला, आडवी धरून उचलायला निघाले, तसा वखारीतला म्हातारा ओरडला, "उभी धरा, उभी!" आडवी धरली की दगड आपल्याच भाराने मधे मोडतो. काचेचं तावदान कसं नेतात, तशी काठावर उभी करून, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून टेम्पोतून आणली. उतरवतानाही उभीच.

पातळी बघायला हल्ली ते लेझरचं यंत्र मिळतं. आम्ही गवंडी वापरतात तसा पारदर्शक पाइप आणला, पाणी भरलं, एक टोक मी धरलं आणि एक यांनी. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की पातळी बरोबर, मधे कितीही वळणं असू देत. फक्त पाइपात बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर पाणी खोटं बोलतं. जुन्या ओट्याला सिंककडे थोडा ढाळ आहे, तो असायलाच हवा. पण भाकरीचा तुकडा अगदी सपाट ठेवला. नाहीतर काठवट हळूहळू सरकत फ्रिजकडे जाते. सिमेंट लावल्यावर सात दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवलं. आपल्याकडे या उन्हात सिमेंट ओलं ठेवणं म्हणजे काय, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला मी काय सांगू! तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं गोणपाटावर.

मग आला तुम्हाला ऐकू आलेला आवाज. यांच्या मित्राकडे चार इंची ग्राइंडर होता, तो म्हणाला घेऊन जा. मी पॉलिशचे गोल पॅड आणले आणि पाठीमागचं छापील वाचलं. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या आत चालवा. ग्राइंडरवर लिहिलेलं अकरा हजार! तो पॅड त्या ग्राइंडरवर लावला असता तर पॅडच्या चिंध्या स्वयंपाकघरभर उडाल्या असत्या, दगड करपला असता तो वेगळाच. म्हणून गती कमी-जास्त होणारं पॉलिशर भाड्याने आणलं. दगडाच्या दुकानांच्या रांगेत मिळतं.

सुरुवातीला पन्नास नंबरचा पॅड, मग शंभर, दोनशे, चारशे, आठशे, पंधराशे आणि शेवटी तीन हजार. पन्नास नंबर म्हणजे खरखरीत, तो खरा कामाचा. राखाडी पट्टा आणि ॲसिडचे डाग त्यानेच जातात. तिथे घाई केली की पुढे काही उपयोग नाही, तीन हजाराने चमकतो तो आधीचा ओरखडाच. एकेका नंबरानंतर धुवायचं, पुसायचं, वाळू द्यायचं आणि उन्हाच्या तिरिपीत तिरकं बघायचं. ओलं असताना सगळाच कडप्पा सुंदर दिसतो.

सगळं पाण्याखाली करायचं, कोरडं नाही. धूळ उडत नाही आणि पॅडही टिकतो. पण पाणी आणि वीज एकत्र आली, तेव्हा यांनी मीटरजवळची ती आरसीसीबी आधी तपासून घेतली. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं ना, ते दाबलं की खटका पडला पाहिजे. घरासाठीची तीस मिलिॲम्पिअरवर तुटते, माणूस वाचतो. तुमच्याकडे आहे का ती? बघा बरं. सिलिंडर रेग्युलेटर काढून थेट मागच्या अंगणात. मोटारीच्या कार्बनच्या ब्रशांतून ठिणग्या पडतात. शेगडी बाहेर होतीच, म्हणून गॅसची नळीही बदलून घेतली. पाच वर्षं होऊन गेली होती तिला, ती तारीख नळीवरच असते. आणि तो राखाडी चिखल सिंकमध्ये लोटायचा नाही हां. खालच्या वळणात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. आम्ही बादलीत निथळू दिला, वरचं पाणी परत वापरलं आणि खालचा गाळ जपून ठेवला.

गाळ कशाला? तेच तर! आईंनी शेंगाची चटणी ज्या कोपऱ्यात कुटली, तिथे खलबत्त्याने पाच-सहा खळगे पडले होते. ते घासून जाण्यासारखे नव्हते. हा गाळ वाळवला, चाळला आणि अ‍ॅराल्डाइटमध्ये कालवून खळग्यांत भरला. रंग दगडाचाच, कारण भुकटी दगडाचीच. बाजारातला काळा रंग घातला असता तर ठिगळ दिसलं असतं. एक सांगते, दोन्ही नळ्यांतलं सारखं-सारखं घ्यायचं आणि एका वेळी चमचाभरच कालवायचं. या उकाड्यात हातातल्या हातात घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर दोनशेपासून पुढचे पॅड पुन्हा फिरवले.

शेवटी तेल. सगळे सांगतात खोबरेल चोळा. चोळलं की काळाभोर दिसतो, पण आठवडाभरात त्यावर पीठ आणि धूळ चिकटून गिलावा. खोबरेल वाळत नाही, जवसाचं तेल वाळतं. म्हणून जवसाचं, अगदी पातळ हात, आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून काढलं. पण ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही हो वहिनी! जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेटते. माझी दोरीवर पसरून वाळत घातलेली होती, तुम्ही बघितली असेल आणि म्हणाला असाल, ही काय कळकट फडकी वाळत घालते.

आता बघायला येणारे येतात. नणंद म्हणाली, पायरी विचित्र दिसते. म्हटलं, दिसू दे. वरच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, एवढ्या खर्चात थोडे पैसे घालून ग्रॅनाइटच झाला असता. होतच नाही, मी हिशोब लिहून ठेवलाय, दाखवीन. आणि चमक काय, ग्रॅनाइटच्या आरशासारखी नाही येत, कडप्प्याची चमक जरा सौम्यच. लिंबू पिळलं की पुन्हा डाग पडणार, हेही खरंच. म्हणून आता आंबटाचं सगळं स्टीलच्या ताटात, आणि सांडलं की लगेच पुसायचं. कुणाला हे जमणार नसेल तर त्याने खुशाल ग्रॅनाइट बसवावा, मी वाद घालणार नाही.

आईंचा पाट? तो देवघरात गेला. त्या आता सकाळी काठवट घेऊन त्या तुकड्यापाशी उभ्या राहतात आणि मला तिकडे फिरकू देत नाहीत. माझी कणीक मी जुन्या ओट्यावरच मळते, तेवढं एक वाकडं झालं.

तुमचाही ओटा कडप्प्याचाच ना? मग आज रात्रीच आईसाहेबांचं कोपर मोजून घ्या, तुमचंही घ्या. पॉलिशर रविवारी संध्याकाळी परत द्यायचंय, हवं असेल तर शनिवारी सकाळी धाकट्याला पाठवा, भाडं मी आठवड्याचं भरलेलंच आहे. पॅड माझेच घ्या. फक्त पन्नास नंबरचा पार झिजलाय, तेवढा एक नवा आणा.